ताईचा गुडघा आणि सरांची सही

सरांनी मला फसवलं. कंपनीनंही फसवलं, पण कंपनीकडून माझी तेवढीच अपेक्षा होती, म्हणून तिच्यावर फार शाई खर्च करत नाही. सरांनी फसवलं, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या गुडघ्याला भोवलं. पाय आहे, कापलेला नाही. पण ती उभी राहिली की गुडघा बाहेरच्या अंगाला झुकतो, आणि दर्यापूरच्या घरातून अंगणात यायला तिला भिंत धरावी लागते.

सर म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी, बारावीला त्यांच्याच विषयात नापास झालेला. नापास झाल्यावर मी दर्यापूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या पाहू लागलो, मग अमरावतीत एका माणसाकडे हाडांच्या दवाखान्यांत प्लेटा आणि स्क्रू पोचवायचं काम धरलं, आणि खांद्याला बॅग लावून एसटीनं हिंडता हिंडता एक दिवस स्वतःचं दुकान टाकलं. आज अमरावती-अकोल्यात कोणाचं हाड मोडलं तर त्यात बसणारी पट्टी बऱ्याचदा माझ्या कपाटातून गेलेली असते. त्यात कोणाचा उपकार नाही. भाव करायला मी कापसाच्या गाडीवर शिकलो, आणि समोरचा रडकुंडीला आल्याशिवाय मी सोडत नाही असं माझ्याबद्दल बोलतात. बरोबर बोलतात.

सर माणसाला नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. मी ‘दर्यापूर’. शेजारचे वकील ‘कारंजा’. काकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, तिच्या माहेरावरून ‘मूर्तिजापूर’. चहा हवा असला की आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचे, ‘‘मूर्तिजापूर! दोन कप!’’ नवख्या माणसाला वाटायचं, स्टेशनवर गाडी लागली.

दुसरी तऱ्हा बोलण्याची. घर भटाभिक्षुकांचं, आजोबा पंचांग सांगणारे, पण सर बोलायचे ठसठशीत वऱ्हाडी. पुण्याहून कोणी आलं की जरा जास्तच. रागावले की मात्र एकदम पुस्तकी मराठीवर यायचे. ‘‘काहून बे, लेका?’’ म्हणाले की समजावं, लाडात आहेत. ‘‘आपण कृपया बाहेर व्हावे,’’ म्हणाले की चपला शोधाव्यात. मी ते वाक्य कॉलेजात तीनदा ऐकलेलं आहे. चौथ्यांदा कधी ऐकलं ते पुढे सांगतो.

आता ज्या दाण्यांपायी हे सगळं झालं त्यांच्याबद्दल. डॉक्टर लोक ‘बायोसिरॅमिक’ म्हणतात. आपल्या हाडात जे खनिज असतं तेच कारखान्यात बनवून, भट्टीत भाजून, त्याचे साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे करतात. हाड दबून आत पोकळी पडली, की पूर्वी डॉक्टर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं भरत. म्हणजे एका जागी दुखत होतं ते दोन जागी दुखायचं. आता हे दाणे भरतात. दाण्याला आरपार बारीक भोकं असतात. त्यातून रक्त आत जातं, मागोमाग नवं हाड आत वाढतं, आणि दाणा हळूहळू हाडातच जिरतो. निदान चांगला दाणा जिरतो.

हे मला डॉक्टरांनी नाही, सरांनी शिकवलं. बारावीत जे डोक्यात शिरलं नाही ते त्यांनी ओसरीवर बसून शिकवलं.

‘‘हाड मंजे काय वाटते तुले? दगड?’’ ते म्हणायचे. ‘‘अरे, तिथं रोज तोडफोड अन् रोज बांधकाम चालू असते. तोडणारे वेगळे, बांधणारे वेगळे. आपल्या महापालिकेसारखंच. फरक एवढाच का हाडात बांधणारेही कामावर येतात.’’

‘‘अन् आपला दाणा?’’

‘‘आपला दाणा मंजे पावना. त्यानं यावं, नव्या हाडाले जागा दाखवावी, अन् निंगून जावं. मुक्काम ठोकून बसला तर तो पावना नाही, कब्जा हाय. त्याले भोकं पाह्यजेत. भोकं नसन तर रक्त आत कुठून जाईन? बिनभोकाचा दाणा मंजे कुलूप लावलेलं दुकान.’’

रिटायर झाल्यावर सरांनी स्वतःच हा दाणा बनवायचा ध्यास घेतला. आणि तोही कशापासून? अंड्याच्या टरफलापासून! टरफलात चुना असतो, तो भाजून त्यावर रसायनाची प्रक्रिया केली की हाडाचं खनिज तयार होतं, हे शास्त्र मला पटलं. जठारपेठेला पटलं नाही. पंचांगवाल्यांचा नातू रोज संध्याकाळी पिशवी घेऊन उकडलेल्या अंड्यांच्या गाडीवर उभा राहतो, ह्याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला. सर प्रत्येकाला थांबवून सांगायचे, ‘‘मी फक्त टरफलं नेतो.’’ जितकं सांगायचे तितका लोकांचा विश्वास उडायचा. काकूंनी पिशवीला घरात यायला बंदी केली. मग मागच्या अंगणात, नळाखाली, उकिडवे बसून सर टरफलं धुवायचे आणि आतून काकूंचा आवाज यायचा, ‘‘माझ्या पाण्याच्या घागरी तिकडे आहेत, शिंतोडे उडवू नका!’’

भट्टी त्यांनी स्वतः बांधलेली. विटा, तारेचं वेटोळं, आणि जुन्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून आणलेला डब्बा. ती लावली की सगळ्या गल्लीचं व्होल्टेज पडायचं. आणि सरांना ती लावायला नेमका वैशाखातल्या दुपारीच उत्साह यायचा. अकोल्यातला वैशाख ज्यानं भोगला आहे त्यालाच कळेल, कूलरचा पंखा मंदावला की माणसाच्या मनात काय काय येतं. कारंजावाले वकील गच्चीवरून ओरडायचे, ‘‘सर, तुमची हाडं भाजून झाली असतील तर आमचा कूलर चालू द्या!’’

सर खालून म्हणायचे, ‘‘अर्धा तास, कारंजा! तुमच्या म्हातारपणी तुमच्याच कामी येईन!’’

एवढं करून ती भट्टी पुरेशी तापायचीच नाही. टरफलाचा चुना व्हायचा, पण शेवटचा दाणा पक्का व्हायला आणखी उष्णता लागते. तिथं पोचायच्या आत तार जळायची. दर महिन्याला तार जळायची आणि दर महिन्याला सर म्हणायचे, ‘‘एक बरी फर्नेस भेटली असती तर...’’ ते वाक्य पुरं कधीच करत नसत. मी धंदेवाला माणूस. समोरच्याचं अर्धं सोडलेलं वाक्य मी लक्षात ठेवतो, भाव करताना उपयोगी पडतं. हे ठेवलं नाही. गुरू म्हणून ठेवलं नाही.

जिभेची गोष्ट सांगितली नाही तर सर कळणार नाहीत. कोणत्याही कंपनीचा दाणा समोर आला की सर तो जिभेवर ठेवायचे. भोकं असलेला दाणा जिभेला चिकटतो, थुंकी शोषून घेतो. घट्ट दाणा चिकटत नाही, गळून पडतो. हे त्यांचं यंत्र. कसलंही सर्टिफिकेट दाखवा, ते डोळे मिटून जीभ काढायचे. एकदा अमरावतीच्या माझ्या दुकानात एक मोठे सर्जन बसलेले असताना सरांनी त्यांच्या आवडत्या कंपनीचा दाणा जिभेवर ठेवला, ओठ मिटले, उघडले, आणि दाणा टप्पकन टेबलावर पडला.

‘‘जिभीले चिकटत नाही, तो हाडाले काय चिकटन?’’

सर्जन लाल झाले. म्हणाले, ‘‘मी पन्नास पेशंटमध्ये हाच भरलाय. एक्सरेवर एकदम पांढराशुभ्र दिसतो.’’

‘‘कापूस हाय का?’’ सर म्हणाले. ‘‘पांढरा दिसते मंजे तो तिथंच बसून हाय. जसा टाकला तसा. चांगला दाणा हळूहळू पुसट होत जाते, हाड त्याले खाते. तुमी पांढरं पाहून खूश होऊन राहिले, हे दर्यापूरवालंही तसंच. दोघंही कापसाचे व्यापारी!’’

ते सर्जन त्यानंतर सहा महिने माझ्या दुकानात आले नाहीत. त्यांच्या दवाखान्याचा सगळा माल दुसऱ्यानं नेला. मी सरांना शब्दानं बोललो नाही. का? कारण मला वाटायचं, एवढ्या दोन जिल्ह्यांत एक तरी माणूस आहे जो कोणाचं तोंड पाहून बोलत नाही. अशा माणसापायी एक गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. माझ्या आयुष्यातला हा एकच आतबट्ट्याचा व्यवहार मी डोळे उघडे ठेवून केला, आणि त्याचा मला अभिमान होता. होता म्हणतोय.

आमच्या धंद्यातली एक अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. सोयाबीनचं पोतं घेताना मी वरचे दाणे पाहत नाही. हात कोपरापर्यंत आत घालतो आणि तळातली मूठ काढून पाहतो. कापसाच्या गाडीत वर चांगला कापूस आणि खाली ओला, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ही दाण्यांची डबी निर्जंतुक करून सील केलेली असते. ती ऑपरेशनच्या टेबलावरच फुटते. मी फोडून पाहिली की बाद. म्हणजे सगळा व्यवहार वरच्या कागदावर. ज्या धंद्यात तळापर्यंत हात जात नाही त्या धंद्यात माझ्यासारख्या माणसाला झोप लागत नाही. म्हणून मला सरांची जीभ लागायची. मी हे त्यांना अनेकदा बोललो होतो. पोत्याच्या तळाची गोष्ट त्यांनी माझ्याकडूनच ऐकली आणि पुढे दहा ठिकाणी सांगितली, माझं नाव न घेता.

मग एक नवी कंपनी आली. त्यांच्या मॅनेजरला सरांनी अर्थातच ‘पुणे’ हे नाव दिलं. गुळगुळीत चेहऱ्याचा, हात जोडून बोलणारा माणूस. मी त्याच्याशी भाव केला, म्हणजे नेहमीसारखा केला. त्याला तीन चहा पाजले आणि तिन्ही वेळा उठवून बसवलं. शेवटी तो माझ्या भावावर आला. इतक्या पटकन आला, की मला तेव्हाच वास यायला हवा होता. नाही आला. जिंकलेल्या माणसाचं नाक बंद असतं.

मी एकच अट घातली. ‘‘जठारपेठचे सर बरं म्हणाले तर घेईन.’’

पुणेवाला म्हणाला, ‘‘अवश्य. अशा जाणकारांची तर आम्हाला गरजच आहे.’’

त्यांनी सेमाडोहच्या जंगलात डॉक्टरांचं चर्चासत्र ठेवलं. चर्चा अर्थात वाघाची. सगळे डॉक्टर टोप्या घालून जिपांत बसून गेले. सर गेले नाहीत. म्हणाले, ‘‘मले वाघ पाहून काय करायचं? त्याची हाडं आपल्याहून चांगली हायेत.’’ ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, समोर पुणेवाला आणि बाजूला मी. पुणेवाल्यानं मखमलीच्या डबीतून दाणे काढले. सरांनी एक जिभेवर ठेवला. डोळे मिटले. जीभ बाहेर काढली, उलटी केली, हलवली. दाणा हलला नाही.

‘‘हे तुम्ही नेहमी असंच करता?’’ पुणेवाल्यानं मला हळूच विचारलं. वाघ दिसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

सरांनी दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. तिन्ही चिकटले. भिंग काढून अर्धा तास पाहत राहिले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. म्हणाले, ‘‘दर्यापूर, हे पाह्य. हेच मले पाह्यजे होतं. मधमाशीच्या पोळ्यासारखं. कसं केलं बे यायनं?’’

‘‘भट्टी चांगली आहे सर, आमच्याकडे,’’ पुणेवाला म्हणाला. ‘‘तुमच्याकडे कुठली आहे?’’

बस, एवढंच विचारलं त्यानं. सरांनी अर्धं वाक्य पुरं केलं असणार, मी तेव्हा चहा सांगायला उठलो होतो. परत आलो तेव्हा सर कागदावर सही करत होते. ‘सच्छिद्र, उत्तम, अस्थिरोपणास योग्य.’ खाली कंपनीचं नाव, मालाचं नाव, आणि सरांची ती वळणदार सही, जी मी माझ्या नापासाच्या गुणपत्रिकेवर पाहिली होती.

पंधरा दिवसांनी जठारपेठेत टेम्पो लागला. नवी कोरी फर्नेस, काचेवर आकडे दाखवणारी. ‘संशोधनास साहाय्य’ अशी पाटी. काकूंनी तिला हळदकुंकू लावलं. कारंजावाल्या वकिलांनी गच्चीवरून विचारलं, ‘‘ही किती व्होल्टेज खाईल, सर?’’ सर तिच्यासमोर स्टुलावर बसून आकडा चढताना पाहत होते. नातू पहिल्यांदा चालतो तेव्हा आजोबा असे पाहतात. मला बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, मला तेव्हा खरंच बरं वाटलं.

ताईचा अपघात त्यानंतर दोन महिन्यांनी. ती दर्यापूरला राहते, तिथल्या शाळेत शिक्षिका होती. भरलेल्या जीपमधून उतरताना मागून कोणी धक्का दिला, आणि ती सरळ उभी खाली आली. गुडघ्याखालचं हाड वरून दबलं, आत पोकळी पडली. अमरावतीला आणलं. डॉक्टर म्हणाले, दबलेला भाग वर उचलू, खाली दाणे भरू, बाजूनं पट्टी लावू. कमरेचं हाड घ्यायचं की दाणे, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, ‘‘दाणे. मी देतो. सरांनी पास केलेले.’’

ताई स्ट्रेचरवरून म्हणाली, ‘‘भाऊ, तुझ्या दुकानातले? मग भाव करून घेशील नं माझ्यापाशी?’’ नर्ससुद्धा हसली. डबी मी स्वतः नेऊन दिली.

तीन महिन्यांनी एक्सरे काढला. डॉक्टरांनी प्रकाशासमोर धरला आणि म्हणाले, ‘‘वा! काय भरलंय!’’ पांढरंशुभ्र. ताईला पूर्ण वजन टाकून चालायची परवानगी मिळाली. मी मोबाईलवर फोटो काढला आणि दुसऱ्याच दिवशी कामानं अकोल्याला गेलो तेव्हा सरांना दाखवला. पांढऱ्याबद्दलचं त्यांचंच बोलणं विसरून, बढाई मारायलाच दाखवला.

सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. दाण्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. फर्नेस मागे गुरगुरत होती. हा तो माणूस, ज्यानं माझ्या दुकानात एका सर्जनला कापसाचा व्यापारी म्हटलं होतं. मी वाट पाहत होतो, आता काहीतरी झणझणीत येणार.

‘‘सहा महिन्यांनी काढजो परत,’’ सर म्हणाले. ‘‘मूर्तिजापूर, चहा.’’

मी चहा पिऊन निघालो.

ताई चालली. जिद्दीची बाई. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, फिजिओवाल्यानं सांगितल्याहून एक जास्त. आणखी दोन महिन्यांनी एक दिवस भाजी आणताना गुडघा आतून बसला. मुरमाचा भराव नीट दाबलेला नसला की वरचा रस्ता खचतो, तसा. पुन्हा ऑपरेशन. या वेळी कमरेचं हाड घ्यावंच लागलं, तरी गुडघा सरळ व्हायचा तेवढा झालाच नाही. डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या हातात एक बाटली होती. आत माझे दाणे. धुऊन ठेवलेले.

‘‘हे पाहा,’’ ते म्हणाले, ‘‘पाच महिन्यांनी जसेच्या तसे निघाले. एकात हाड शिरलेलं नाही.’’

मी बाटली घेतली आणि थेट जठारपेठ गाठली.

सरांनी भिंग घेतलं. एक दाणा चिमट्यात धरून फोडला. आतून तो फुटक्या कपाच्या कडेसारखा चकाकला. भोक म्हणून नाही.

‘‘हे ते नव्हे,’’ सर म्हणाले.

‘‘मले दिसून राह्यलं, ते नव्हे. लिहून द्या.’’

‘‘काय?’’

‘‘हेच. का तुमी सही केली ती मखमलीच्या डबीतल्या नमुन्यावर, अन् दुकानात आला तो माल दुसरा. एक ओळ. बाकी मी पाहतो.’’

सर भिंग पुसू लागले. काचेवर काही नव्हतं, तरी पुसू लागले.

‘‘भाव तू पाडला,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या भावात असाच माल येते.’’

मला ते लागलं, कारण त्यात खोटं नव्हतं. पण मी म्हणालो, ‘‘भाव पाडला तर त्यायनं नाही म्हणायचं होतं. कमी भावात कमी माल द्यायचा तर डबीवर तसं लिहायचं होतं. डबीवर तर तुमचंच नाव छापलं होतं, सर. तज्ज्ञांनी प्रमाणित केलेला. मी कागद पाहिला अन् ताईच्या पायात भरला.’’

‘‘मी खोटे लिहिलेले नाही,’’ सर म्हणाले. पुस्तकी मराठी सुरू झाली होती. ‘‘माझ्यासमोर जो पदार्थ आला, तो उत्तम होता. मी पदार्थाबद्दल लिहिले.’’

‘‘पोत्याच्या तोंडाचं सोयाबीन पाहून पास करता व्हय? तुमाले तर माहीत होतं. मीच सांगितलं होतं.’’

तेवढ्यात काकू दारात आल्या. मी त्यांना आयुष्यात कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्या पाण्याच्या घागरींचा विषय सोडला तर.

‘‘त्याला सांगा ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो फोटो दाखवून गेला, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी विचारलं तेव्हा मला काय म्हणालात? त्याच्या बहिणीचं हाड धरलेलं नाही, म्हणालात. दाण्यांच्या कडा अजून चाकूसारख्या आहेत, म्हणालात. मग त्याला का नाही बोललात?’’

मला आधी काकूंचं बोलणं नीट कळलंच नाही. मग कळलं. त्या दिवशी एक फोन केला असता तर ताईचं चालणं थांबलं असतं. तेव्हा उचललेलं हाड अजून वर होतं. दोन महिने. दोन महिने ती रोज एक फेरी जास्त मारत होती, आणि इथे जठारपेठेत एका माणसाला माहीत होतं.

‘‘सर,’’ मी म्हणालो, ‘‘काहून?’’

सरांनी फर्नेसकडे पाहिलं. आकडा चढत होता. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘मी वैद्य नाही. क्ष-किरणचित्र पाहण्याचा मला अधिकार नाही. आपण कृपया बाहेर व्हावे.’’

मी बाहेर झालो. आयुष्यभर ज्यानं अधिकार नसताना दोन जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना अक्कल शिकवली, त्याला नेमका त्या दुपारी अधिकाराचा प्रश्न पडला.

मी कंपनीला लिहिलं. उरलेल्या डब्या दवाखान्यांतून स्वतः फिरून परत घेतल्या. कंपनीचं उत्तर आलं, फार सुंदर कागदावर. माल निर्दोष आहे; सोबत तज्ज्ञांचं प्रमाणपत्र जोडलं आहे; रुग्णानं मर्यादेबाहेर हालचाल केल्यामुळे असं झालं असावं. म्हणजे सरांची सही, जिच्या भरवशावर मी ताईला दाणे दिले, ती आता ताईच्याच विरुद्ध उभी.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. ते पत्र ताईनं वाचलं. मी लपवणार होतो, पण त्याआधीच तिनं टेबलावरून उचललं. शिक्षिका होती, सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘‘बरोबर आहे रे त्यांचं. मीच जास्त चालले. मला घाईच होती.’’

मी ओरडलो. ‘‘तुझी चूक नाही!’’

‘‘तू भाऊ आहेस, तू असंच म्हणशील,’’ ती म्हणाली. ‘‘एवढे शिकलेले लोक खोटं कशाला लिहितील?’’

तेव्हापासून ती हेच धरून बसली आहे. कोणी पायाचं विचारलं की सांगते, माझीच घाई नडली. शेजारणींना सांगते, जुन्या विद्यार्थिनींना सांगते. माझं ती ऐकत नाही. मी दुकानदार, दाणे माझे, माझ्या बोलण्याला तिथं वजन नाही. डॉक्टर म्हणतात, आम्हाला मालातलं कळत नाही. कळतं ते एकाच माणसाला.

सर, हे तुम्ही वाचाल, कारण तुमच्याबद्दल छापलेलं तुम्ही वाचल्याशिवाय राहत नाही. मला तुम्हाला शाप द्यायचा नाही, तुमची माफीही नको, आणि ती फर्नेस तुम्ही खुशाल जन्मभर तापवा. कंपनीला मी माझ्या पद्धतीनं पाहीन, भाव करण्यासारखं माझ्यापाशी अजून पुष्कळ आहे. तुमच्याशी मी आता भाव करत नाही. अकोल्याहून दर्यापूरला यायला गाडी मी पाठवतो. काकूंनाही आणा. ताईसमोर खुर्चीत बसा, वऱ्हाडीत बोला नाहीतर पुस्तकी बोला, पण तिला तोंडानं सांगा, की त्या दुपारी तुम्ही काय पाहिलं होतं. सांगा, की चूक तिच्या चालण्याची नव्हती. मग ती विचारेल कोणाची होती, कारण ती शेवटपर्यंत विचारते. त्याचंही उत्तर द्या.